उरलेल्या दुधाचं करायचं काय?

आयोजकांनी आम्हाला विषय दिला होता 'जागतिक बाजार आणि आपला दूधधंदा'. विषय मोठा आणि वेळ तासाभराचा, म्हणून सुरुवात जिनिव्हापासून न करता इथूनच करतो, बिबवेवाडीपासून. इथून सातारा रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कात्रजची डेअरी येते. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची. मार्च २०२५ मध्ये तिथं एक बैठक झाली. राज्यातले सहकारी आणि खासगी दूध व्यावसायिक त्यांच्या कल्याणकारी संघाच्या वतीनं एकत्र आले आणि १५ मार्चपासून विक्रीचा दर लिटरमागे २ रुपयांनी वाढवायचं ठरलं. अप्परपासून मार्केट यार्डापर्यंत दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती तेवढ्या २ रुपयांची. ती साहजिकच आहे, घरात रोज दोन पिशव्या लागतात.

पण धंद्यातली माणसं जमतात तेव्हा पिशवीचा भाव हा शेवटचा मुद्दा असतो. मुख्य मुद्दा असतो पिशवीत न गेलेल्या दुधाचा. आम्ही इतिहासाची माणसं. गेल्या ऐंशी वर्षांतली दुधाची भांडणं एकापुढे एक मांडून पाहिली, तर बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो: उरलेल्या दुधाचं करायचं काय, आणि त्याचा तोटा सोसायचा कुणी?

आधी थोडा हिशेब, कारण तो कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. गाय सुटी घेत नाही. दिवाळीनंतर चारा हिरवा असतो, हवा थंड असते, दूध वाढतं. सरकारी कागदांत याला 'पुष्टकाळ' म्हणतात आणि उन्हाळ्याला 'कृशकाळ'. शहराचं दूध पिणं मात्र बारा महिने जवळपास तेवढंच. मग जास्तीच्या दुधाची मलई काढून लोणी करायचं आणि राहिलेल्या दुधाची वाळवून भुकटी. गायीच्या १०० किलो दुधातून साधारण साडेआठ किलो भुकटी आणि चार किलो लोणी मिळतं. म्हणजे भुकटीचा भाव किलोला १०० रुपयांनी पडला, तर लिटरमागे साडेआठ रुपये गेले. भुकटी वर्षभर टिकते, जहाजातून कुठंही जाते, म्हणून तिचा भाव जगात ठरतो. आणि संकलन केंद्रावरच्या सगळ्या दुधाचा भाव ओढला जातो तो या उरलेल्या दुधाच्या भावाकडे. ताजं विकलं गेलेलं दूधसुद्धा त्याच भावानं घेतलं जातं. ही गोम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मागे जाऊ. १९४५ साली मुंबईला चांगलं दूध मिळावं म्हणून 'बॉम्बे मिल्क स्कीम' आली आणि खेडा जिल्ह्यातून दूध आणायचं काम पोल्सन कंपनीकडे गेलं. शेतकऱ्याला हवा तसा भाव मिळेना, म्हणून १९४६ मध्ये खेड्याच्या शेतकऱ्यांनी दूध बंद केलं आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांचा संघ नोंदला गेला. हाच पुढचा अमूल. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट पुढची. संघ झाला, दूध वाढलं, आणि हिवाळ्यात मुंबई म्हणाली, एवढं आम्हाला नको! स्वतःची संघटना, स्वतःची डेअरी, तरी दूध उरलंच. म्हैशीच्या दुधाची भुकटी होत नाही असं तेव्हा परदेशी तज्ज्ञ सांगत. हरिचंद दलाया या तंत्रज्ञानं ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदला भुकटीचा कारखाना उभा राहिला, पंडित नेहरूंच्या हस्ते. त्याला मदत होती युनिसेफची आणि, जरा ऐका, न्यूझीलंड सरकारची. ज्या न्यूझीलंडच्या दुधाची आज आपल्याला धास्ती, त्याच देशानं उरलेल्या दुधाची वाट काढायला हात दिला होता. इतिहासात असे विनोद फार.

मुंबईत उलटी गंमत चालली होती. आरे कॉलनी उभी करणारे दारा खुरोडी यांनी म्हैशीच्या दाट दुधात पाणी आणि परदेशी भुकटी मिसळून 'टोन्ड' दूध काढलं. स्वस्त, गरिबाला परवडणारं. आम्ही याला नावं ठेवत नाही, त्या काळी मुंबईच्या चाळींतली पोरं त्यावरच वाढली. पण यातून एक सवय लागली: शहराचं दूध स्वस्त ठेवायचं असेल तर बाहेरची भुकटी वापरायची.

पुणे जिल्ह्याचा वाटा याच काळातला. कात्रजचा संघ १९६० सालचा, कोल्हापूरचा 'गोकुळ' १९६३ चा. आणि १९६७ मध्ये उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 'बायफ' सुरू केली. गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमासाठी आलेला हा माणूस, त्यानं गावठी गायीला होल्स्टीन आणि जर्सीच्या वळूंचं रेतन दारोदार पोहोचवलं. आज दौंड, इंदापूर, बारामती, संगमनेरकडच्या गोठ्यात काळी-पांढरी गाय दिसते, तिची वंशावळ शोधली तर बऱ्याचदा वाट उरुळीकांचनवरून जाते. दोन एकरांच्या शेतकऱ्याला ऊस वर्षानं पैसे देतो, दूध दर दहा दिवसांनी देतं. गावाकडं त्याला 'दुधाचा पगार' म्हणतात. पगार हा शब्द उगाच आलेला नाही. किराणा, पोरांची फी, दवाखाना सगळं त्यावर.

महाराष्ट्रात आणि गुजरातेत मात्र एक फरक राहिला. तिथं संघ मालक झाले. इथं बराच काळ सरकार स्वतः गिऱ्हाईक होतं. शासकीय दूध योजना दूध घ्यायची, दर मंत्रालयात ठरायचा, आरेच्या बाटलीतून शहरात विकला जायचा. दूध जास्त झालं की ओझं तिजोरीवर. त्यामुळे आपल्याकडच्या संघांना उरलेल्या दुधाची काळजी स्वतः वाहायची सवय उशिरा लागली, असं आमचं मत आहे. कुणाला पटणार नाही, नंतर भांडू.

१९७० ला 'ऑपरेशन फ्लड', म्हणजे दूध महापूर योजना, आली. युरोपात तेव्हा लोण्याचे आणि भुकटीचे अक्षरशः डोंगर साचले होते. त्यातली १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत आपल्याला दान म्हणून आलं. वर्गीस कुरियन यांचा डाव असा, की हे डोंगर आज ना उद्या स्वस्तात आपल्या अंगावर कोसळणारच. त्यापेक्षा दान म्हणून घ्या, महानगरांच्या डेअऱ्यांत ओता आणि आलेल्या पैशातून आपली संकलनाची यंत्रणा बांधा. दुसऱ्याच्या उरलेल्या दुधातून स्वतःचा धंदा उभा केला! १९७४ मध्ये दिल्लीला आंतरराष्ट्रीय डेअरी काँग्रेस भरली तेव्हा जगापुढे आपण याच प्रयोगाचे यजमान होतो. टीकाही झाली. गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'त या योजनेला खोटं ठरवणारा लेख लिहिला, गदारोळ झाला, एल. के. झा यांची समिती बसली होती, तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला. अल्वारिसांचं सगळं पटो न पटो, दानाच्या भुकटीमुळे देशी दुधाचा भाव दबतो का, हा त्यांच्या बाजूचा प्रश्न चुकीचा नव्हता.

१९९१ नंतर परवाने गेले. १९९२ च्या दूध आदेशात कुणी कुठल्या भागातलं दूध घ्यायचं याच्या हद्दी होत्या, त्या २००२ मध्ये उठल्या. मंचर, बारामती, इंदापूर, श्रीरामपूर असा खासगी डेअऱ्यांचा पट्टा फोफावला. शेतकऱ्याला दारात दोन-तीन गिऱ्हाइकं आली, हे चांगलंच झालं. त्याच सुमारास कळलं, की गॅट करारात भुकटीवरची आयातकराची कमाल आपण शून्यावर बांधून बसलो आहोत. वाटाघाटी पुन्हा करून ती सुधारली: १० हजार टनांपर्यंत १५ टक्के, त्यावर ६० टक्के. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. त्यानंतर दिल्लीनं प्रत्येक करारात दूध फुंकूनच पाहिलं.

आता २०१८. इथं जरा थांबू, कारण आम्ही सांगतो आहोत ते सगळं या एका वर्षात दिसतं. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियानं युरोपचा माल बंद केला. ३१ मार्च २०१५ ला युरोपनं तीस वर्षांचा दूध कोटा उठवला, तिथं दूध वाढलं. चीनची खरेदी मंदावली. टनाला ४ हजार डॉलरच्या वर गेलेली भुकटी २ हजारांच्या आसपास आली. म्हणजे किलोला २ डॉलर, त्या वेळचे १३० रुपये. साडेआठ टक्क्यांनी गुणा: लिटरमागे ११ रुपये. आता इकडे बघा. जून २०१७ च्या शेतकरी संपानंतर सरकारनं गायीच्या दुधाला २७ रुपये जाहीर केले होते. वर्षभरात बऱ्याच डेअऱ्या १७ ते २० रुपये देत होत्या. हिशेब इतका तंतोतंत बसतो असा दावा आम्ही करणार नाही, देशातली मागणी, साठे, इतर गोष्टी आहेतच. पण ब्रुसेल्समध्ये उठलेला कोटा आणि जुन्नरच्या शेतकऱ्याच्या हातातली पावती यांत भुकटीचं पोतं आहे, हे नाकारता येत नाही.

१६ जुलै २०१८ ला राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं मुंबईचं दूध रोखलं. टँकर अडले, दूध रस्त्यावर आलं. चार दिवसांत तोडगा निघाला: शेतकऱ्याला २५ रुपये आणि भुकटी वगैरे करणाऱ्यांना लिटरमागे ५ रुपये अनुदान. नीट बघा, अनुदान कशाला? पिशवीतल्या दुधाला नाही, उरलेल्या दुधाला. आणि या सगळ्या काळात आपल्या दारातली पिशवी १० रुपयांनी स्वस्त झाली होती का? तुम्हीच आठवा. भाव पडतो तो गोठ्याच्या टोकाला. तो पडला की आठवड्यात पावतीवर दिसतो आणि चढला की बैठका सुरू होतात, ही आमची नोंद. कुणी डेअरीवाले बसले असतील तर त्यांनी रागावू नये, त्यांचीही बाजू आहे: भुकटी गोदामात पडून असते, बँकेचं व्याज चालू असतं, आणि दूध नको म्हटलं तर शेतकरी कायमचा दुसरीकडे जातो.

पुढचं वर्ष तर फारच बोलकं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारतानं आरसेप करार नाकारला. मोठं कारण न्यूझीलंडचं दूध. पन्नास लाख लोकांचा देश, बहुतेक दूध निर्यात करणारा. दार लावलं, गावागावांत फटाके वाजवावेत अशीच बातमी. पण त्याच वर्षी श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दूधव्यवसाय फ्रान्सच्या लॅक्टालिस गटाकडे गेला. दूध बाहेरून आलं नाही, गिऱ्हाईक बाहेरून आलं. आयातकर मालाला अडवतो, भांडवलाला अडवत नाही. याला वाईटच म्हणायचं असं नाही, काही ठिकाणी अशा कंपन्यांची तपासणी आणि पगार वेळेवर असतात. फक्त आरसेपच्या विजयसभांत हे कुणी बोललं नाही.

२०२० मध्ये टाळेबंदीत हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद. सरकारनं रोज १० लाख लिटर २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं. आणि जूनमध्ये, इकडे गोदामं भरलेली असताना, केंद्रानं कोट्यातली १० हजार टन भुकटी आयात करायची अधिसूचना काढली. एवढ्या मोठ्या देशात १० हजार टन म्हणजे काहीच नाही. पण बाजार आकड्यावर नाही, वासावर चालतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रेटर नोएडाला जागतिक डेअरी शिखर परिषद भरली, १९७४ नंतर पहिल्यांदाच भारतात. विषय होता पोषण आणि उपजीविका. दोन-चार जनावरांचा छोटा शेतकरी हीच भारताची ताकद, असं तिथं पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. खरंच आहे. जगात सर्वाधिक दूध आपलं, २०२३-२४ मध्ये जवळजवळ २४ कोटी टन, आणि ते बहुतांशी अशाच गोठ्यांतून. पण वर्ष सव्वा वर्षातच महाराष्ट्रातला गायीच्या दुधाचा भाव पुन्हा घसरला आणि २०२४ च्या जानेवारीपासून पुन्हा ५ रुपये अनुदान आलं. त्याच वर्षी महाराष्ट्राचा महासंघ, आपली 'महानंद', राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या ताब्यात गेली. छोटा शेतकरी ही ताकद खरी, पण पुष्टकाळातला साठा सांभाळायची ताकद त्याची नव्हे. ती संघाची, कंपनीची किंवा सरकारची असायला हवी, आणि तिघांपैकी कुणाची हे लिहून ठेवलेलं नाही.

उसाला एफआरपी आहे, कायद्यानं बांधलेली. साखर पडली तरी ती द्यावी लागते, उशीर झाला तर व्याज. दुधाला तशी द्या, ही शेतकरी संघटनांची मागणी जुनी आहे. अडचण अशी की साखर कारखान्याला गाळपाचा परवाना लागतो, त्याची नाडी सरकारच्या हातात. खासगी डेअरीनं शेतकऱ्याला किती द्यावं हे सांगणारा कायदाच राज्यात नाही. म्हणून दर जाहीर होतो आणि पाळला जात नाही.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली: मग आम्ही पिशवी सोडून गवळ्याचं दूध घेतलं तर? चांगला प्रश्न. गवळ्याच्या दुधाचा भाव भुकटीवर हलत नाही हे खरं, कारण तो काढतो तेवढं सकाळ-संध्याकाळ विकून मोकळा होतो. त्याच्याकडे उरतच नाही. पण शहरातले गोठे राहिलेत किती? बाकी सगळं रात्रीच्या टँकरनं येतं. त्या टँकरमागच्या शेतकऱ्याच्या पावतीवर तीन गोष्टी छापलेल्या असतात, फॅट, एसएनएफ आणि दर. आजचा भुकटीचा भाव त्यावर नसतो. तो छापायला शाई किती लागेल, हे कात्रजच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारावं.