आधी यात काय होतं?

मुंबईत गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगनवाडीचे प्लॉट दहा बाय पंधरा फुटांचे. सत्तरच्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवून माणसं इथं आणली गेली, तेव्हा शेजारचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड जवळजवळ पन्नास वर्षं चालू होतं. तेवढ्या जागेत माणसं किती मावतील, भांडी किती मावतील, हे गणित बायकांनी सोडवलं. माझ्या सासूबाईंनी गावाहून आणलेली हंडा-घागर माळ्यावर गेली, दूध तापवायचं पितळी पातेलं तेवढं चुलीशी राहिलं, आणि दाराशी पिंप उभं राहिलं. मी सून म्हणून इथं आले आणि पुढं महापालिकेची आरोग्य सेविका म्हणून याच गल्ल्यांतून घरोघर हिंडले. तापाची माणसं, लस चुकलेली मुलं, गरोदर बाया यांची नोंद करायची हे माझं काम. पण कुणाच्याही घरात पाणी प्यायला बसलं की माझी नजर भांड्यांकडे जायची. ही सवय सासूबाईंची.

सुरुवातीच्या वर्षांत गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला बसायचा. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. राखेनं, वाळूनं घासलेलं भांडं तो भट्टीवर धरायचा. ते पुरतं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, डोळ्यांत पाणी आणणारा पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी तळाला टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं झरझर सगळीकडे फिरवायचं. भांडं बादलीत बुडालं की चर्र आवाज, आणि आत चांदीसारखा लखलखाट.

पोरं तो लखलखाट बघायला जमायची. सासूबाई मात्र भट्टी पेटायच्या आधीच जाऊन उभ्या राहायच्या. कांडी हातात मागून घ्यायच्या, कानाजवळ नेऊन वाकवायच्या. चोख कथील वाकवलं की करकरतं. शिसं मिसळलेलं असलं की तो आवाज मरतो. कथील महाग, शिसं स्वस्त. शिवाय कथील वितळायला २३२ अंश उष्णता लागते, तर कथील-शिशाचं ठरावीक मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं. म्हणजे लबाडी करणाऱ्याचे पैसेही वाचतात आणि कोळसेही. अंशांचे हे आकडे सासूबाईंना ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण करकर ऐकल्याशिवाय त्यांनी एकही भांडं त्याच्या हाती दिलं नाही.

कल्हई उडालेल्या पितळेत ताक, कढी, चिंचेची आमटी कळकते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत होतं. आंबट पदार्थानं तांबं सुटतं, चव बिघडते, माणूस ओकतो. त्यामुळं आंबटाचं भांडं सगळ्याजणी सांभाळायच्या. दुधाची काळजी कुणी करत नव्हतं. दूध आंबट नाही, ओकारी होत नाही, रंग बदलत नाही. घात झाला तो तिथंच.

लहान मुलांच्या यकृताचा एक आजार आपल्या देशात शंभर वर्षं ठाण मांडून होता. कोलकात्यातल्या एका डॉक्टरांनी १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. सहा महिने ते तीन-चार वर्षांचं मूल किरकिरं व्हायचं, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं टणक लागायचं, कावीळ दिसायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. खेड्यापाड्यांत, आणि त्यातही खाऊनपिऊन सुखी घरांत हे जास्त. एकाच घरात दुसरं मूल जायचं, तिसरंही जायचं. सासूबाईंच्या माहेरी एका घरात अशी तीन मुलं गेली. लोक ‘लिव्हर वाढली’ म्हणायचे, आणि मग बोट त्या सुनेच्या पायगुणाकडे जायचं.

या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं असतं, हे सत्तरच्या दशकात दिसून आलं. ते येतं कुठून, याचा माग पुण्याच्या केईएम रुग्णालयात लागला. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्यासोबत काम करणारे इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना विचारलं, मुलाला वरचं दूध कधी सुरू केलं आणि ते कशात तापवता, कशात ठेवता? १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. आजारी मुलांना गाईम्हशीचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं. दुधातलं केसीन तांब्याला धरून ठेवतं, म्हणून दूध जितकं जास्त वेळ भांड्यात, तितकं तांबं जास्त. अंगावर पिणारी मुलं यातून वाचत होती. काही मुलांत जन्मजात कल असावा असंही संशोधक म्हणत आले आहेत. एकाच भांड्यातलं दूध पिणारी सगळी मुलं आजारी पडत नव्हती. पण भांडं बदललं की आजार हटतो, हे पुण्यात दिसलं, आणि त्याला दुसरीकडचा दाखलाही मिळाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजारानं १३८ बाळं गेली होती. तिथंही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवत. ती भांडी गेली आणि आजार गेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो इतका दुर्मीळ झाला की आजच्या तरुण डॉक्टरांनी बहुधा तो पाहिलेलाही नसेल.

मला हे एका प्रशिक्षणात कळलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या पोरीला उगाच छळली.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुधाचं पितळी पातेलं मोडीत घातलं आणि त्या पैशांत भर घालून स्टीलचं आणलं.

त्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर वाटतो, आणि त्याचं कारण त्यांच्या प्रश्नात आहे. त्यांनी आईला तू काय चुकलीस असं विचारलं नाही. दूध कशात तापवतेस, एवढंच विचारलं.

तोवर जर्मलनं, म्हणजे ॲल्युमिनियमनं, गरिबांची स्वयंपाकघरं व्यापलेली होतीच. आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा त्याचा प्रवास. हलकं, स्वस्त, कल्हईचा खर्च नाही. मग बोहारणी जुन्या लुगड्यांवर स्टीलची भांडी देऊ लागल्या. कल्हईवाला कधी यायचा बंद झाला, हे गल्लीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्याबरोबर कांडी वाकवून बघणंही गेलं. नवं भांडं कशाचं, हे बघायचं कसं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते बघण्याची गरज मात्र होती. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियममध्ये इंजिनाचे तुकडे, तारा, रेडिएटर, काय काय वितळतं; त्याबरोबर शिसंही येतं. अमेरिकेत सिॲटलच्या परिसरात अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसं सापडत होतं. शोध घेता घेता तिथले आरोग्य कर्मचारी घरच्या पातेल्यांपर्यंत पोचले. २०२२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं शिसं सुटणाऱ्या भांड्यांबाबत इशारा दिला, त्यात भारतात बनलेली भांडीही होती. आपल्याकडे २०२४ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश निघाला. मी आता वस्तीतल्या मुलींना सांगते, जर्मलच्या पातेल्यात टोमॅटोचं सार, कढी रात्रभर ठेवू नका आणि नवं घेताना चिन्ह बघून घ्या. पण बाजाराच्या दिवशी वजनावर मिळणाऱ्या भांड्यावर चिन्ह नसतं, हे मलाही दिसतं.

शिशाची एक गोष्ट मात्र आशा देणारी आहे. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या १,०८१ मुलांचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या ७६ टक्के मुलांमध्ये दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसं होतं. शिशाची कुठलीच मात्रा मुलांच्या मेंदूला निर्धोक नाही, असं आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वेळी शिशाचा मोठा वाटा पेट्रोलमधून येत होता. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकलं जाऊ लागलं. घरांच्या रंगातल्या शिशाला नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. यासाठी कुठल्या आईला पंपावर जाऊन पेट्रोल हुंगून बघावं लागलं नाही. कारखान्यातच फरक झाला आणि तो प्रत्येक घरात पोचला.

पिंपाबाबत हे अजून झालेलं नाही. गोवंडीत पिंप लागतं कारण पाणी ठरावीक वेळ येतं, कित्येक गल्ल्यांत तेही विकत घ्यावं लागतं. शहरानं जुन्या डब्यांत पाणी भरणं नवं नाही. चाळींमध्ये रॉकेलचे डबे, डालडाचे डबे पाण्याला वापरले जायचेच. आमच्या बाजूला चेंबूर-तुर्भ्याचे कारखाने, खाडीपलीकडे ठाणे-बेलापूरचा रासायनिक पट्टा. तिथला माल ज्या २०० लिटरच्या पिंपांतून येतो-जातो, ती रिकामी झाली की भंगारात येतात. मानखुर्दजवळच्या मंडाळ्यातल्या भंगाराच्या गाळ्यांत ती गरम पाण्यानं, कॉस्टिकनं धुतली जातात, लेबल खरवडलं जातं आणि धुवण गटारातून खाडीला जातं. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपातून आम्ल किंवा अल्कली धुऊन निघते. सॉल्व्हंट किंवा कीटकनाशक प्लॅस्टिकच्या अंगात मुरतं आणि पुढं कितीतरी दिवस पाण्यात थोडंथोडं उतरत राहतं. साबणानं वास जातो, मुरलेलं जात नाही.

शेजारच्या खालांनी एकदा नवं घेतलेलं पिंप दाखवलं. मी विचारलं, आधी यात काय होतं? त्या म्हणाल्या, “दुकानवाला बोला साबुन का था. धो के लिया है.” आम्ही ते झाकण घट्ट लावून दुपारभर उन्हात ठेवलं. झाकण उघडल्यावर जो भपकारा आला, त्यानंतर खालांनी ते पाण्याला कधीच वापरलं नाही. तेव्हापासून मी घरोघर हीच परीक्षा सांगत आले. पिण्याचं पाणी स्टीलच्या टाकीत किंवा नव्या, अन्नासाठीच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवा. जुनंच घ्यायचं तर सरबताचं, लोणच्याचं, ग्लुकोजचं घ्या, आणि तेही लेबल शाबूत असेल तरच. खरवडलेलं पिंप कपडे-भांड्यांच्या पाण्यालाही नको, कारण तेच हात पुढं कणकेत जातात. वास येत नाही म्हणजे विष नाही असं नसतं, हे मला माहीत आहे. पण नाकाखेरीज आमच्या हातात दुसरं काही कुणी दिलेलं नाही.

विषाच्या जुन्या डब्यानं काय होऊ शकतं, ते एकदा दिसलं आहे. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेत दुपारचं जेवण जेवलेली २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेलं असावं, असं तपास करणाऱ्यांचं म्हणणं होतं. कीटकनाशकाचे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, हा नियम १९७१ पासून आहे. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात आणि परवानाधारकाखेरीज ती कुणी हाताळू नयेत, असा कायदा आहे.

कल्हईवाला समोर बसायचा, म्हणून सासूबाई त्याला कांडी मागू शकल्या. पिंपात रसायन भरणारा आमच्या समोर नसतो. म्हणून ही परीक्षा पाणी भरणाऱ्या बाईवर टाकून चालणार नाही. कारखान्यानं रिकामं पिंप कुणाला दिलं, याची नोंद त्याच्याकडेच मागितली पाहिजे. पिंपं धुण्याचा परवाना कुणाकुणाला आहे, याची महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची यादी महापालिकेच्या आमच्या एम पूर्व विभागाच्या कार्यालयात भिंतीवर लागली पाहिजे, मराठीत आणि उर्दूतही, म्हणजे मंडाळ्यातला कुठला गाळा तिच्यात आहे आणि कुठला नाही, हे खालांनाही वाचता येईल आणि मलाही.