सैराट (चित्रपटसंगीत)

सैराट : अजय–अतुल या संगीतकार बंधूंनी नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ (2016) या मराठी चित्रपटासाठी केलेला चार गाण्यांचा संच. गाणी : ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. गीतलेखन अजय–अतुल व नागराज मंजुळे यांचे. गायन अजय गोगावले, अतुल गोगावले, श्रेया घोषाल आणि चिन्मयी यांचे. प्रकाशक झी म्युझिक कंपनी. चारही गाणी मिळून वीस मिनिटांच्या आसपास भरतात. एवढ्या तुटपुंज्या ऐवजाने मराठी गाणे राज्याच्या सीमेबाहेर, मराठी न समजणाऱ्यांच्या लग्नमंडपात पोचवले. त्याआधीच्या कुठल्याही मराठी संचाला हे इतक्या प्रमाणात जमलेले दिसत नाही.

पार्श्वभूमी : अतुल (जन्म 1974) आणि अजय (जन्म 1976) गोगावले यांचे बालपण पुणे जिल्ह्यातील जुन्नर, शिरूर, घोडेगाव अशा गावांत गेले. वडील महसूल खात्यात असल्याने बदलीचे गाव हेच घर. दोघांनीही संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. जे मिळवले ते ऐकून. त्या ऐकण्यात एकीकडे जत्रा, भजन, बँड होते आणि दुसरीकडे इलैयाराजा होते. दाक्षिणात्य खेड्यातल्या चालीला पाश्चात्त्य वाद्यवृंदाची जोड देणाऱ्या या संगीतकाराचे ऋण दोघे उघडपणे मान्य करतात. सुरुवातीच्या ‘विश्वविनायक’ या गणेशभक्तीच्या अल्बममध्येच ही ओढ कळून येते. संस्कृत स्तोत्रे, मोठा वाद्यमेळ आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम, शंकर महादेवन यांचे आवाज असा तो मामला होता.

या जोडीच्या संगीताची दुसरी मुळे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याशी जाऊन भिडतात. तुळजापूरच्या तुळजाभवानीचा गोंधळ हा मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचा कुलाचार. लग्नानंतर गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरे होत नाही. संबळ, तुणतुणे, झांज आणि पेटती दिवटी एवढ्या सामग्रीवर कदमराई गोंधळी रात्र जागवतात. आधी गावोगावच्या देवांना आवाहन, मग आख्यान, अशी त्याची चढती रचना असते. राजीव पाटील यांच्या ‘सावरखेड एक गाव’ (2004) या चित्रपटातील ‘आई भवानी तुझ्या कृपेने’ हा अजय–अतुल यांचा गोंधळ खुद्द अजयच्या खड्या आवाजात आला आणि बघता बघता खऱ्या गोंधळांच्या कार्यक्रमांतही शिरला. त्याच दिग्दर्शकाच्या ‘जोगवा’मध्ये (2009) यल्लम्मा देवीच्या जोगत्यांचे चौंडके हे वाद्य आले. त्या संगीतासाठी अजय–अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच चित्रपटासाठी हरिहरन यांना आणि, एका बंगाली गाण्याच्या जोडीने, श्रेया घोषाल यांनाही पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुढे ‘नटरंग’ (2010) आला आणि ढोलकीफडाची नक्कल न करता लावणी नव्याने रचता येते हे दिसले. ‘सैराट’च्या आधी या दोघांकडे लोकसंगीताची अशी पंधरा वर्षांची शिदोरी होती, हे विसरून त्यातला ‘हॉलिवूडचा वाद्यवृंद’ तेवढा बघणे अन्यायाचे ठरेल.

मंजुळे यांच्याशी गाठ आधीच पडली होती. त्यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटासाठी (प्रदर्शन 2014) अजय–अतुल यांनी थीम साँग केले. ते प्रचंड गाजले, पण चित्रपटात नव्हतेच. जाहिरातीपुरते राहिले. त्या चित्रपटाच्या कोरड्या, रुक्ष वास्तवात गाण्याला जागा नव्हती. ‘सैराट’मध्ये दिग्दर्शकाने उलट चाल केली आणि गाण्यांना थेट कथेच्या छातीवर बसवले.

प्रदेश आणि भाषा : मंजुळे हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे. चित्रपटाच्या पूर्वार्धाचे चित्रीकरण याच भागात झाले : उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी, केळी-उसाची राने, दगडी विहिरी, एस.टी.चा रस्ता. सीना नदी ओलांडली की धाराशिव जिल्ह्यातला परंडा तालुका लागतो. करमाळ्याची कमलाभवानी ही तुळजाभवानीचे दुसरे पीठ मानली जाते. जिल्ह्याची हद्द कागदावर कुठेही असो, बोली, देव आणि बाजार या अंगाने हा सलग पट्टा आहे. गाण्यांच्या शीर्षकांतच त्याची बोली ऐकू येते. प्रमाण मराठीत ‘वेड’, या पट्ट्यात ‘याड’. मराठी भावगीताने प्रेमासाठी वर्षानुवर्षे पुण्या-मुंबईची शुद्ध भाषा वापरली आणि गावरान बोली लावणीला नाहीतर विनोदाला नेमून दिली. ‘सैराट’ने ही वाटणी मोडली. हळवे, लाजरे, अगदी कोवळे बोलणेही याच बोलीत होऊ शकते, हे चारपैकी तीन गाणी दाखवतात. चौथे धिंगाण्याचे आहे आणि त्याला त्याची लाज नाही.

ध्वनिमुद्रण : संचातील सिम्फनी वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटी येथील सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. तेथे वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करणारा पहिला भारतीय चित्रपट असा ‘सैराट’चा उल्लेख केला जातो. ही वास्तू पूर्वी एमजीएम स्टुडिओची होती. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चे (1939) संगीत तेथलेच. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड हिचे नाव आता तिला दिलेले आहे. मोठा समूह एकत्र बसून वाजवू लागला की खोलीचा स्वतःचा घुमारा स्वरांत मिसळतो, आणि अशा जागेचे भाडे मोजायचे ते त्या घुमाऱ्यासाठीच.

असे खर्चिक ध्वनिमुद्रण का केले, हा प्रश्न रास्त आहे. 1990 नंतरच्या मराठी चित्रपटांत व्हायोलिनचा ताफा परवडेनासा झाला आणि त्याची जागा कीबोर्डने घेतली. कळ दाबली की पन्नास व्हायोलिने, पण ती पन्नास एकाच श्वासात वाजतात. प्रत्यक्ष वादकांत प्रत्येकाचा गज केसभर पुढेमागे पडतो आणि त्यातूनच नादाला भरीवपणा येतो. शिवाय परदेशी वादक चाल ऐकून वाजवत नाहीत, समोरची स्वरलिपी वाचून वाजवतात. त्यामुळे भारतीय चालीतली मींड, खटका, लोकगायकाची ओढ हे सारे आधी पाश्चात्त्य लिपीत उतरवावे लागते. कुठे स्वर घसरेल, कुठे गज हलका पडेल, हे लिहून द्यावे लागते. तालाचा ठोका कानातल्या हेडफोनवर देऊन सगळ्यांना एका गतीला बांधतात. गाता गळा आणि लोकतालवाद्ये वेगळी मुद्रित होतात आणि शेवटच्या मिश्रणात सगळे एकत्र येते. ‘याड लागलं’ आणि ‘सैराट झालं जी’ या दोन गाण्यांत हा वाद्यवृंद सर्वांत विस्ताराने ऐकू येतो.

गाणी : ‘याड लागलं’ हे अजयच्या एकट्याच्या आवाजातले गाणे. नायिका आर्ची विहिरीवर पोहायला आली आहे हे कळताच नायक परश्या होडीतून पाण्यात उडी घेतो, काठ गाठतो, रानातून धावत सुटतो आणि विहिरीत झेपावतो. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या छायाचित्रणातली ही धाव संथ गतीत दिसते आणि वाद्यवृंद तिला उचलून धरतो. आपल्याकडे अशी पार्श्वभूमी बर्फाळ डोंगरातल्या नायकांसाठी राखून ठेवलेली असे. येथे ती मासेमारी करणाऱ्या पारध्याच्या पोराला मिळते. या संचाचे मर्म मला याच ठिकाणी दिसते. भव्य नाद हा शोभेचा नाही. ज्याच्या प्रेमाला गाव कवडीची किंमत देणार नाही, त्याच्या प्रेमाला संगीतकारांनी दिलेला तो मान आहे.

‘आताच बया का बावरलं’ आर्चीच्या बाजूने बोलते. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या, समोरच्याला मराठी कळत नसेल तर इंग्रजीत सुनावणाऱ्या या मुलीचे एकांतातले गोंधळणे श्रेया घोषाल यांनी हलक्या आवाजात धरले आहे. त्यांचा उच्चार थोडा जास्तच नितळ वाटतो, अशी तक्रार त्या भागातल्या श्रोत्याने केली तर ती खोडून काढता येणार नाही. चालीची बांधणी मात्र चारही गाण्यांत सर्वांत नाजूक आहे. ‘सैराट झालं जी’ हे अजय व चिन्मयी यांचे युगुलगीत. चिन्मयी मूळच्या तमिळ चित्रपटसंगीतातल्या. शीर्षकाच्या शेवटचा ‘जी’ शाहिरीतल्या झीलकऱ्यांची आठवण करून देतो, आणि चाल मात्र सावकाश, मोठ्या वळणाची. संवादांपेक्षा जास्त प्रेमकथा या एका गाण्यात सरकते.

‘झिंगाट’बद्दल फार विश्लेषण करण्यात अर्थ नाही, कारण ते पायांसाठी केलेले गाणे आहे. अजय आणि अतुल दोघेही त्यात गातात. सोलापूर–धाराशिव पट्ट्यात वरात, कुस्तीचा फड, देवीची मिरवणूक यांत हलगी कडाडते : एका हातात जाड काडी, दुसऱ्यात बारीक, आणि चामडे मधूनमधून जाळावर शेकून ताणलेले. ‘झिंगाट’चा ठेका इलेक्ट्रॉनिक साजात आला असला तरी त्याचे नाते या हलगीशी आहे. म्हणूनच डीजेवर ते जितके चालते तितकेच बँडवाल्याच्या क्लॅरिनेटवरही चालते.

चित्रपटातली मांडणी : चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. प्रेमी युगुल हैदराबादला पळून गेल्यावर झोपडपट्टी, इडली-डोशाची गाडी, भांडणे, संसार हे सगळे गाण्याविना घडते आणि अखेरच्या प्रसंगात तर आवाजच उरत नाही. गाण्यांनी वाढवून ठेवलेली अपेक्षा दिग्दर्शक अशी हातची काढून घेतो. नुसता संच ऐकणाऱ्याला जातीच्या द्वेषातून होणाऱ्या हत्येपर्यंत जाणाऱ्या या कथेचा पत्ता लागत नाही. काही समीक्षकांना हा दोष वाटला. गाण्यांनी मूळ विषय झाकला असे त्यांचे म्हणणे. पण हा फसवा गोडवा योजूनच पेरलेला आहे. पूर्वार्ध इतका सुरेल नसता तर उत्तरार्ध इतका बोचला नसता.

प्रकाशन आणि प्रतिसाद : फेब्रुवारी 2016 मध्ये ‘सैराट’ बर्लिन महोत्सवाच्या ‘जनरेशन’ विभागात दाखवला गेला. गाणी चित्रपटाच्या आधी टप्प्याटप्प्याने यूट्यूब आणि मोबाइलवर आली. 29 एप्रिलला चित्रपट लागेपर्यंत ती लोकांना तोंडपाठ होती. सीडीचा काळ सरत आला होता. मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या मोबाइल दुकानांनी आणि लग्नसराईने प्रसाराचे काम केले. मोसमही नेमका लग्नांचा होता. चित्रपटगृहांत ‘झिंगाट’ सुरू होताच प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचू लागत. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरसारख्या गावात गर्दीपायी मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. ‘सैराट’चे उत्पन्न 100 कोटी रुपयांच्या पुढे गेले. मराठी चित्रपटाने हा टप्पा प्रथमच गाठला. मराठी फिल्मफेअर पुरस्कारांत संगीताचा पुरस्कार या संचाला मिळाला.

इतर भाषांत : कन्नड ‘मनसु मल्लिगे’ (2017) या रूपांतरात मूळची आर्ची रिंकू राजगुरू हिनेच नायिका साकारली आणि अजय–अतुल यांच्या चाली कन्नड शब्दांत गेल्या. पंजाबी, ओडिया व बंगाली रूपांतरेही निघाली. हिंदी ‘धडक’मध्ये (2018) संगीत पुन्हा याच जोडीचे, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. ‘याड लागलं’चे ‘पहली बार’ झाले, ‘झिंगाट’ नावासकट तसेच ठेवले गेले आणि शीर्षकगीत नव्याने रचले गेले. कथा उदयपूरच्या हवेल्यांत हलवल्यावर मात्र चालीखालची जमीन निसटली. महालात राहणाऱ्यांना भव्य वाद्यवृंद मिळाला तर त्यात नवल कसले? मराठी श्रोत्यांनी हिंदी ‘झिंगाट’वर नाके मुरडली, तरी ज्यांनी मूळ ऐकले नव्हते अशा उत्तरेतल्या वरातींत ते रुळले. मंजुळे आणि अजय–अतुल यांनी पुढे ‘झुंड’ (2022) या हिंदी चित्रपटासाठी पुन्हा एकत्र काम केले. त्यात नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी त्यांनी ‘सैराट’च्या भरजरी वाद्यवृंदापेक्षा रस्त्यावरच्या ठेक्याला पसंती दिली.