हिरवा रंग (घरातील)

हिरवा रंग : वर्णपटात पिवळा व निळा यांच्यामधला वर्ण. भरपूर उजेडात डोळ्याला सर्वांत तेजस्वी वाटणारा प्रकाश ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे पोपटी असतो. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, पिस्ता या छटा रंगारी नावानेच ओळखतात.

रंगद्रव्ये : भिंतीवर हिरवा टिकवणे ही मुळात चुन्याची अडचण आहे. हळद चुन्यात पडली की लाल होते. पारंपरिक कुंकवाची कृती हीच. त्यामुळे निळीत हळद घालून केलेला हिरवा कापडावर धरतो, चुन्याच्या हातात मात्र बिघडतो. प्रशियन निळा व क्रोम पिवळा यांच्या मिश्रणाची पूडही चुन्याच्या अल्कतेत विटते, कारण तिच्यातला निळा जातो. टिकतात ते क्रोमियम ऑक्साइड आणि हिरवी माती. या मातीतले सेलॅडोनाइट हे खनिज दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही हिरव्या मातीचा वापर आहे. रसायनज्ञ शीले याने १७७५ मध्ये तयार केलेला हिरवा तांबे व आर्सेनिकचा होता. युरोपात तो भिंतींच्या कागदांवर आला आणि ओल धरलेल्या खोल्यांत विषारी ठरला. पुढे थॅलोसायनिन हिरव्यामुळे चुना-सिमेंटची अडचण बरीचशी सरली.

औसा व परिसर : औसा (जि. लातूर) भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील जुनी घरे माळवदाची : जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचे धाबे, उजेडाला झरोका. अशा खोलीत गर्द हिरवी भिंत असलेला उजेडही गिळते. हिरवा ऑइलपेंट दार, चौकट, खिडकीच्या गजांवर शोभतो. लाकडावर चुन्याचा प्रश्नही येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी (ता. औसा) भूकंपानंतर जाड भिंतींची धास्ती बसली व सिमेंटची घरे वाढली. ओला गिलावा चुन्याइतकाच अल्कधर्मी असतो. तो वाळण्याआधी रंग दिल्यास डाग उमटतात.

अर्थ : हिरवा चुडा व डोहाळजेवणाची हिरवी साडी यांमुळे हा रंग सौभाग्याचा व सुफलतेचा मानला जातो, दर्ग्याची चादर, झेंडे यांमुळे इस्लामी परंपरेशीही जोडला जातो. दाराच्या रंगावरून घर कोणत्या धर्माच्या माणसांचे हे ओळखण्याची सवय आढळते. ती जपून वापरावी. 

परिणाम : हिरव्याने मन शांत होते, असे सर्रास सांगितले जाते. त्यासाठी पुढे केला जाणारा रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास रुग्णालयाच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडांविषयी होता, रंगवलेल्या भिंतींविषयी नव्हे. शस्त्रक्रियागृहात हिरवा येण्याचे कारण वेगळे : तो लालाचा पूरक असल्याने रक्त पाहून थकलेल्या नजरेला आराम मिळतो.

वास्तुशास्त्र : प्रचलित पुस्तिकांत हिरव्याचा संबंध उत्तर दिशा व बुध ग्रहाशी जोडला जातो.