हेड कसण्याचा क्रम

ज्यांनी गॅरेजमध्ये उभं राहून इंजिनचं हेड बसवताना पाहिलं आहे, त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. मिस्त्री बोल्ट एका टोकापासून ओळीने कसत जात नाही. आधी मधला, मग त्याच्या समोरचा, मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, असं करत तो कडेला पोचतो. तेही एका दमात नाही. पहिल्या फेरीत नुसते टेकवतो, दुसऱ्या फेरीत निम्म्याहून जास्त ताणतो, तिसऱ्या फेरीत पुरे कसतो. गाडीवाला घड्याळाकडे बघत असतो आणि मिस्त्री त्याच्याकडे बघत नसतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इंजिनाशी माझा संबंध बिघडलेल्या गाडीचा मालक एवढाच. पण रायगडच्या किनाऱ्यावरच्या शाळांत वीसेक वर्षं घालवली, की वर्गातून उठून थेट गॅरेजात गेलेली मुलं ओळखीची होतात. त्यांच्यामुळेच हा प्रश्न डोक्यात बसला: हा मधून कडेकडे जाणारा क्रम आमच्या किनाऱ्यावर आला कुठून? आणि त्याच्यासोबत जो आकडा यायला हवा होता, तो मागे का राहिला?

आधी क्रमाचं कारण. वहीला कव्हर चिकटवताना आपण हात मधून बाहेर फिरवतो. कडा आधी दाबल्या तर हवा मध्ये अडकते आणि कागदाला फुगा येतो. हेडचं तसंच आहे. खाली सिलिंडरांचा ब्लॉक, वर हेड, मध्ये पातळ गॅस्केट. कडेचे बोल्ट आधी कसले तर मधल्या भागात ताण अडकतो, हेड किंचित वाकतं आणि गॅस्केट सगळीकडे सारखं दाबलं जात नाही. मग जळता वायू पाण्यात शिरतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसू लागतं. खोलताना हाच क्रम उलटा: कडेपासून मध्याकडे, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींना ही कटकटच नव्हती, कारण हेड आणि सिलिंडर एकाच ओतीव तुकड्याचे असत. गळायला सांधाच नाही. पण आतली काजळी काढायची किंवा व्हॉल्व्ह घासायचे तर हाल. 1908 मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं हेड वेगळं काढता येत होतं. पंधरा बोल्ट सोडले की इंजिन उघडं. शेतकऱ्यालाही घरच्या घरी दुरुस्ती जमू लागली, आणि त्या दिवसापासून ते पंधरा बोल्ट परत नीट कसण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली.

आमच्यात यंत्रांचा विषय निघाला की कोणीतरी लगेच अल-जझारीचं नाव घेतो. 1206 साली त्याने आपल्या ग्रंथात दोन सिलिंडरांचा, समोरासमोर चालणाऱ्या दट्ट्यांचा पंप वर्णन केला, हे खरं आहे. त्याच्या नावातला 'जझीरा' आणि आमच्या मुरूडचा 'जंजिरा' हा मुळात एकच अरबी शब्द, हेही मी वर्गात आवर्जून सांगतो. पण त्याच्या पंपापासून श्रीवर्धनच्या गॅरेजपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. आमच्या मिस्त्रीचा वारसा जवळचा आहे आणि तो शब्दांत सापडतो.

पाना, आटा, सूत. हे तीन शब्द घ्या. इंग्रजी स्पॅनरला आपण पाना म्हणतो. बोल्टवरच्या पिळदार खाचा म्हणजे आटे. हिंदी बोलणारा कारागीर त्यांना चूडी म्हणतो. आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, जो सुतार-गवंड्यांकडून मोटारवाल्यांकडे आला. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं, कोन 55 अंश. ते आटे इंग्रजांच्या यंत्रांसोबत हिंदुस्थानात आले आणि आमच्या लोकांनी ते सुतात मोजून घेतले. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने इंग्रजी बोल्टाला अचूक पाना लावला, तो या 'सूत' शब्दाच्या जोरावर.

मग युद्ध संपलं. 1945 साली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही, आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. या कंपनीने विलीज जीप इथे आणली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि 1954 पासून फियाट 1100. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. एसटीसोबत डेपो आले आणि डेपोसोबत मेकॅनिक. जीप अमेरिकन इंचाची, बऱ्याच विलायती गाड्या व्हिटवर्थच्या, फियाट मिलिमीटरची. त्यामुळे जुन्या मिस्त्रीच्या पेटीत सुताचे पाने वेगळे आणि 'बारा-तेराचा', 'सोळा-सतराचा' वेगळा.

क्रम या सगळ्यांतून आला. कारखान्यात काम केलेला एक माणूस गावी परतला, त्याच्या हाताखाली चार पोरं शिकली, त्या चौघांनी आणखी गॅरेजं काढली. क्रम डोळ्यांनी शिकता येतो. उस्तादचा हात कुठून कुठे जातो हे शागिर्दाने दोनदा पाहिलं की झालं. त्याला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही.

आकड्याचं तसं नाही.

बोल्ट किती कसायचा हे ठरतं पिळावरून, ज्याला टॉर्क म्हणतात. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला 50 पौंड जोर लावला की 50 फूट-पौंड. त्याच पान्यात पाइप घालून लांबी दोन फूट केली, तर तेवढ्याच जोराने 100. हा पीळ मोजणारा पाना तुलनेने अलीकडचा आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यातला कॉनराड बार याला त्याचं श्रेय देतात. मोठ्या नळांच्या जोडांवरचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त कसत, म्हणून 1918 च्या सुमारास त्याने हा उपाय काढला. मोटार कारखान्यांत तो पुढच्या दशकांत रुळला आणि प्रत्येक इंजिनच्या पुस्तकात हेडच्या बोल्टचा आकडा छापला जाऊ लागला.

ते पुस्तक इंग्रजीत. पाना महाग. त्यामुळे आमच्या गॅरेजात दोन्ही नव्हते. उस्ताद मनगटाने कसायचा, आणि बिडाचा ब्लॉक व बिडाचं हेड असलेल्या जुन्या इंजिनांवर ते बरंचसं खपून जायचं. बीड जड असतं, पण सहनशील असतं. फियाटने ही सवलत काढून घेतली. तिचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अल्युमिनियमचं. अल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणजे गाडी तापली की हेड वाढतं, बोल्ट तेवढा वाढत नाही, आणि सगळा ताण गॅस्केटवर. आधीच जास्त कसलेलं असेल तर हेड दबून वाकतं. कमी कसलेलं असेल तर गळतं. मधली जागा अरुंद.

त्यात आमचे रस्ते. कशेडीचा घाट, माणगावहून म्हसळ्याकडे जाणारी वळणं, अलिबागच्या वाटेवरची कार्लेखिंड. भरलेली फियाट चढावर उकळायची. ड्रायव्हर बॉनेट उघडून ओहोळाचं गार पाणी तापल्या इंजिनमध्ये ओतायचा आणि हेड तिथेच वाकायचं. मग गावातला मिस्त्री नवीन गॅस्केट घालून मनगटाने कसून द्यायचा, आणि दोन महिन्यांत गाडी परत दारात. वाकलेलं हेड घासून सपाट केल्याशिवाय कितीही कसा, ते बसणार नाही. पण दोष नेहमी मिस्त्रीच्या हाताला लागायचा. 'अडाणी आहे, आठवीतून शाळा सोडलेला.' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं आहे.

आता खारं पाणी. मला स्वतःला या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. बोल्ट कसताना आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळमानाने दहावा भागच बोल्टला ताणण्यात लागतो. बाकीचा नव्वद टक्के घर्षणात जातो, काही बोल्टच्या डोक्याखाली, काही आट्यांमध्ये. म्हणजे आट्यांवर गंज असेल तर घर्षण वाढतं, हाताला बोल्ट पुरा कसल्यासारखा वाटतो, टॉर्कचा पानाही तेच सांगतो, आणि प्रत्यक्षात हेड सैल असतं. उलट आट्यांना तेल जास्त झालं तर त्याच आकड्याला बोल्ट नको इतका ताणला जातो. ब्लॉकमधल्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. म्हणून जुने मिस्त्री तारेच्या ब्रशने एकेक बोल्ट घासत बसतात, भोकं फुंकून कोरडी करतात. बंदरावर होडीच्या इंजिनांची कामं केलेला माणूस तर यात फारच काटेकोर असतो. जिथे इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी फिरवलं जातं, तिथे गंज काय करतो हे त्याने पाहिलेलं असतं. गाडीचं हेड फसलं तर माणूस घाटात अडकतो. होडीचं फसलं तर कुठे, ते सांगायला नको.

आणि इथे एक गंमत आहे. मोटार मिस्त्रीला जे मराठीत मिळालं नाही, ते मच्छीमाराला थोडंफार मिळालं. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रं किनाऱ्यावर आहेत, रायगडचं अलिबागला. तिथे मासेमारी आणि नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनची देखभाल सहा महिन्यांत शिकवतात. अट काय, तर चौथी पास, पोहता येणं आणि मासेमारीचा अनुभव. चौथी पास माणसाला इंजिन शिकवता येतं हे सरकारने मान्य केलं, ही छोटी गोष्ट नाही. गॅरेजातल्या आठवी नापास मुलाला मात्र आयटीआयच्या दारात दहावीचा दाखला आठवतो.

आकडा शेवटी आला तो आखातातून. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आमच्या गावांतून माणसं कुवेत, सौदी, दुबईकडे निघाली. त्यात ड्रायव्हर होते, मिस्त्री होते. 1983 च्या कायद्यानंतर कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर वेगळा शिक्का, वेगळी तपासणी. तिथल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये मनगट चालत नव्हतं. भिंतीवर तक्ता, हातात टॉर्कचा पाना, आकड्याला 'टक' असा आवाज आला की थांबायचं. माझे एक मामू सुट्टीवर आले तेव्हा टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेटसोबत असा पाना घेऊन आले होते. त्यांनी तो कोणालाही हात लावू दिला नाही. काम झालं की काटा शून्याजवळ आणून, फडक्यात गुंडाळून कपाटात. आम्हा मुलांना वाटायचं, त्यात सोनं आहे.

पण तिथेही घोळ. जुन्या अमेरिकन पुस्तकात फूट-पौंड, जपानी पुस्तकात किलोग्रॅम-मीटर, नव्या पुस्तकात न्यूटन-मीटर. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 7.2 फूट-पौंड किंवा 9.8 न्यूटन-मीटर. पन्नास हा आकडा एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर चुकून गेला की बोल्ट तुटला किंवा हेड सैल राहिलं. आता तर अनेक नव्या इंजिनांत आधी ठरावीक पीळ आणि मग ठरावीक अंश फिरवायचं असतं. त्यातले बरेच बोल्ट मुद्दाम थोडे ताणले जातील असे बनवतात आणि ते पुन्हा वापरायचे नसतात. जुना बोल्ट घासून परत लावणं, जी किनाऱ्यावरच्या उस्तादाची शिस्त, तीच इथे चूक ठरते. हे त्याला कोण सांगणार, आणि कोणत्या भाषेत?

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचं हेड उतरलं तेव्हा हाच विषय निघाला. उस्ताद साठीचे आहेत, पाना टॉर्कचा आहे, पण पुस्तक वाचायला पोरगा लागतो आणि पोरगा त्या दिवशी नव्हता. मी फोनवर इंग्रजी पुस्तक काढलं, बोल्टचा क्रम आणि प्रत्येक फेरीचा आकडा एका पुठ्ठ्यावर उतरवला. मराठीत, आणि खाली उर्दू अंकांतही, कारण त्यांची नजर त्यावर पटकन बसते. क्रम त्यांनी बघितलाही नाही, तो त्यांना पाठच होता. आकडा पाहिला, पुठ्ठा उलटा करून मागे पाहिलं आणि म्हणाले, "सर, हा आकडा सुक्या आट्यांचा की तेल लावलेल्या?"

मी परत पुस्तक उघडलं. त्याच पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात होतं: आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा हलका हात.

"मग ते आधी लिहा," उस्ताद म्हणाले, "वर, मोठ्या अक्षरात." आणि बोल्ट घासायला बसले.