व्हिंटेज गाडीची नोंदणी: कंपनी दाद देत नाही तेव्हा काय करावे?

पन्नास वर्षांहून जुनी मोटार किंवा दुचाकी आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी आजोबांची फियाट, जीप किंवा बुलेट घरात असेल, तर तिलाही हे नियम लागू होतात. मात्र अनेक मालक ‘आधी कंपनीचे पत्र आणू’ म्हणून ग्राहक सेवा केंद्राच्या मागे लागतात आणि तिथेच महिनोन् महिने जातात. प्रत्यक्षात या नियमांनी मागितलेल्या कागदपत्रांत कंपनीचे पत्र नाही.

व्हिंटेज कोणती?

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी. ती मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. जुन्या जीप आणि अँबॅसेडर गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत होती. अशी गाडी या अटीत अडकू शकते.

कंपनीकडून उत्तर का मिळत नाही?

पहिले कारण म्हणजे कंपनीच उरलेली नसते, किंवा ती गाड्या बनवत नसते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून निघणारी फियाट ११०० आणि नंतरची पद्मिनी केव्हाच बंद झाली. मैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्यातील अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबवले आणि २०१७ मध्ये हे नाव फ्रान्सच्या प्यूजो समूहाला ८० कोटी रुपयांना विकले. म्हणजे नाव एकाकडे आणि जुना कारखाना दुसऱ्याकडे.

दुसरे कारण तांत्रिक आहे. आजच्या गाडीचा चासी क्रमांक १७ अंक-अक्षरांचा असतो आणि ग्राहक सेवेचे संगणक सहसा तोच मागतात. जुन्या गाडीचा क्रमांक त्याहून लहान असतो. तिची नोंद असलीच तर कागदी वहीत असते, आणि फोनवरील कर्मचाऱ्याच्या हाती ती वही नसते.

अर्जासोबत काय लागते?

अर्ज फॉर्म २० मध्ये, परिवहन पोर्टलवरून करायचा. सोबत विम्याची पॉलिसी, शुल्क, भारतात आधी नोंदलेल्या गाडीचे जुने नोंदणी प्रमाणपत्र (आरसी) आणि आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एंट्री’. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ हे कागद नव्या गाडीसाठी असतात. व्हिंटेजच्या अर्जासाठी कोणी ते मागितले, तर कोणत्या नियमानुसार हवेत ते लेखी विचारावे.

जुनी नोंद कुठे शोधायची?

खरी अडचण जुन्या आरसीची असते. आज कळमनुरीची वाहने हिंगोलीच्या कार्यालयात, एमएच ३८ या क्रमांकाने नोंदली जातात. पण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. म्हणून इथल्या ५० वर्षांपूर्वीच्या गाडीची नोंद हिंगोलीत नव्हे, परभणीच्या दप्तरात शोधावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्याआधीच्या गाडीची पहिली नोंद त्या राज्यातली असू शकते. गाडी मुंबई-पुण्याहून विकत आणली असेल, तर तिथल्या कार्यालयात विचारावे.

आरसी हरवली असल्यास पोलिसांत तक्रार देऊन मूळ कार्यालयात फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मागता येते. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर वारस म्हणून फॉर्म ३१ भरून ती आधी आपल्या नावावर करून घ्यावी. आरटीओतील नोंदवहीचा उतारा, म्हणजे ‘बी एक्स्ट्रॅक्ट’, मिळाला तर नोंदीतील मालक, चासी आणि इंजिन क्रमांक पडताळता येतात.

कंपनीचे पत्र कधी कामाचे?

इंजिन मूळचेच आहे का, यावर शंका निघाली तर. ब्रिटनमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम मॉरिस, ऑस्टिन यांसारख्या ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या वह्यांवरून शुल्क घेऊन प्रमाणपत्र देते. त्यातून गाडी केव्हा आणि कशी बनली हे कळते. ती आज कोणाच्या मालकीची आहे हे सिद्ध होत नाही.

दाद कुठे मागायची?

खासगी कंपनीला माहितीचा अधिकार लागू नाही. आरटीओला आहे. १० रुपये शुल्क भरून आपल्या गाडीच्या नोंदीची माहिती मागितल्यास ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. न दिल्यास पहिले अपील करता येते. कंपनीने प्रमाणपत्रासाठी पैसे घेऊन काम केले नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडेही जाता येते, त्यासाठी कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पैसेच घेतले नसतील, तर मात्र ‘सेवेतील त्रुटी’ सिद्ध करणे कठीण जाते.

नोंदणीनंतर

अर्ज मंजूर झाल्यास ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र मिळते आणि ते १० वर्षे चालते. भारतात आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीत राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, जिल्ह्याचा आकडा नसतो. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून जीप शेतावर रोज न्यायची असेल, तर व्हिंटेजऐवजी नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरणच योग्य ठरते.