बासरीचा आवाज फुसका का येतो? फुंक, ओठांची ठेवण आणि रियाज यांची सविस्तर माहिती

बासरी विकत घेतली, क्लास लावला, पहिला महिना उत्साहात गेला. पण फुंकलं की सुरापेक्षा हवेचाच फस्स आवाज जास्त. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बासरी कपाटावर जाते ती जातेच. बासरी सोडणाऱ्यांपैकी बरेच जण बोटांवर अडत नाहीत, ते अडतात फुंकेवर. पेटीची पट्टी दाबली आणि भाता हलवला की सूर तयार मिळतो. बासरीत सूर आधी ओठांनी घडवावा लागतो, बोटं त्यानंतर.

"माझ्यात दमच नाही" असं म्हणून माघार घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फुसक्या आवाजाचं कारण बहुतेक वेळा कमी दम हे नसतं. दम भरपूर असतो, पण तो योग्य जागी पडत नाही. ही जागा कशी शोधायची आणि ती सापडल्यावर आवाज कसा सुधारायचा, ते पुढे पाहू.

आधी बासरी तपासा

जत्रेत मिळणारी रंगीत बासरी शोभेची. तिच्यावर फुंक शिकायला बसलात तर चूक तुमची की बासरीची हे कधीच कळणार नाही. सुरात लावलेली, सहा भोकांची साधी बांबूची बासरी घ्या आणि शक्य असेल तर घेण्याआधी शिक्षकांकडून वाजवून घ्या.

मैफलीत ऐकू येणारी लांब बासरी बहुधा पांढरी तीनची, साधारण ३० इंचांची असते. तिचा आवाज भारदस्त खरा, पण भोकं लांब लांब असल्यानं नवशिक्याची बोटं ताणली जातात. पांढरी एकची मध्यम बासरी सुमारे १९ इंचांची, पांढरी पाचची सुमारे २४-२५ इंचांची. लहान मुलांनी पहिलीपासून आणि मोठ्यांनी हाताच्या मापानुसार दोन्हींपैकी एकीपासून सुरुवात करावी.

फुंकण्याच्या भोकाच्या डाव्या बाजूला नळी बंद केलेली असते, कुठे बांबूच्या पेरानं तर कुठे बुचानं. भोकाच्या मध्यापासून बुचाचं अंतर साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतकं असतं. बूच सरकलं तर खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी जुळत नाही. म्हणून बूच स्वतः ढकलून पाहायच्या भानगडीत पडू नका.

सूर तयार कसा होतो?

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर तिरकी फुंकर मारली की हूं असा आवाज येतो. बासरीचं तत्त्व तेच. ओठांतून निघालेली हवेची पातळ पट्टी भोक ओलांडून समोरच्या कडेवर आदळते. तिथे ती कधी नळीच्या आत, कधी बाहेर अशी वेगानं हेलकावते, त्यामुळे नळीतली हवा कंप पावू लागते आणि सूर निघतो.

यातून तीन गोष्टी लक्षात येतात. हवेची पट्टी जाड आणि पसरट असेल तर तिचा बराच भाग कडेला न लागता वाया जातो, आणि हा वाया गेलेला भाग म्हणजेच तो फस्स आवाज. पट्टीची दिशा चुकली, म्हणजे सगळी हवा नळीत किंवा सगळी बाहेर गेली, तर सूर लागतच नाही. आणि वरच्या सप्तकासाठी हवेनं ओठांपासून कडेपर्यंतचं अंतर निम्म्या वेळात कापावं लागतं. त्यासाठी एक तर वेग वाढवायचा, नाहीतर ओठ किंचित पुढे आणून अंतर कमी करायचं. चांगले वादक दोन्ही थोडं थोडं करतात. नवशिका फक्त जोर लावतो, म्हणून त्याची तार सप्तकातली बासरी किंचाळते.

ओठांची ठेवण : एकेक पायरी

१. आरशासमोर बसा. पाठ ताठ, खांदे सैल, मान सरळ. बासरी तोंडाकडे आणायची, तोंड बासरीकडे न्यायचं नाही.

२. सुरुवातीला बोटं एकाही भोकावर ठेवू नका. दोन्ही हातांनी बासरी नुसती धरा.

३. फुंकण्याचं भोक ओठांच्या मध्यावर टेकवा. भोकाची जवळची कड खालच्या ओठाच्या कडेला लागली पाहिजे. मग बासरी थोडी बाहेरच्या बाजूला वळवा. खालच्या ओठानं भोकाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग झाकलेला असावा.

४. ओठ सहज मिटा आणि मधोमध लहानशी फट राहू द्या, आडव्या ठेवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढी. ओठांचे कोपरे हलके घट्ट ठेवा, पण हसल्यासारखे ताणू नका. ताणलं की फट रुंद होते आणि आवाज पातळ पडतो. गाल फुगवू नका.

५. जीभ खाली, घसा मोकळा. हळू 'फू' म्हणा आणि फुंकता फुंकता बासरी अगदी थोडी आत-बाहेर फिरवा. एका ठिकाणी आवाज एकदम भरून येतो. तीच तुमची जागा.

६. जागा सापडली की बासरी खाली ठेवा, पुन्हा उचला आणि पुन्हा तीच जागा शोधा. असं रोज वीस-पंचवीस वेळा. जागा एकदा सापडण्यापेक्षा दर वेळी पटकन सापडणं महत्त्वाचं आहे.

काहींच्या वरच्या ओठाला मध्ये खाली उतरलेलं टोक असतं. त्यामुळे हवेची पट्टी दोन भागांत फुटते. अशांनी फट मधोमध धरण्याचा हट्ट न करता ती थोडी डावीकडे किंवा उजवीकडे धरावी. दातांना तारा लावलेल्या मुलांनाही काही आठवडे जागा पुन्हा शोधावी लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बोटांची चूक फुंकेच्या माथी

एकटं फुंकताना आवाज छान, पण बोटं ठेवली की गेला, ही तक्रार नेहमीची. इथे ओठांचा काही दोष नसतो, कुठल्या तरी बोटाखालून हवा निसटत असते.

ती शोधण्याची रीत सोपी आहे. वरची तीन भोकं बंद केली की 'सा'. तो स्थिर लागला की चौथं भोक बंद करा, मंद्र 'नी'. पाचवं, मंद्र 'ध'. सहावं, मंद्र 'प'. ज्या स्वरावर आवाज फाटला किंवा बंद पडला, त्याच बोटाकडे बघा. भोकावर बोटाचं टोक टेकवू नका, मांसल भाग ठेवा. लांब बासरीवर तर अनेकांना मधल्या पेराचा भाग वापरावा लागतो. आवळून दाबायची गरज नसते. बोट उचलल्यावर त्यावर भोकाचा खोल वळ उमटलेला दिसला तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबताय असं समजा.

कुठला दोष, कुठला उपाय

*आवाजात हवा जास्त :* ओठांची फट मोठी आहे. फट लहान करा आणि फुंक कमी करा. आवाज आधी बारीक होईल, पण स्वच्छ होईल. मग तो वाढवा.

*आवाज दबलेला, सूर उतरलेला :* बासरी जास्त आत वळली आहे, भोक जास्त झाकलं गेलंय. थोडी बाहेर वळवा.

*सूर चढतो :* फुंक जोरात आहे किंवा बासरी फार बाहेर वळली आहे.

*मंद्र पंचम लागत नाही, उडून वरचा लागतो :* वेग जास्त आहे. फट किंचित उघडा, जबडा सैल सोडा, आरशावर वाफ धरतो तशी उबदार, संथ हवा सोडा.

*तार सप्तक किंचाळतं :* जोर कमी करून ओठ पुढे आणा, फट लहान करा.

*डोकं गरगरतं :* लांब आणि भराभर फुंकल्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे गरगरतं. बासरी खाली ठेवा, दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या. फट लहान झाली की हवा कमी लागते आणि हा त्रास बहुधा आपोआप जातो. दमा, हर्निया किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं.

एक पंचम, दोन सप्तकं

फुंक सुधारण्यासाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर हा निवडा. सहा भोकांच्या बासरीत मंद्र पंचम आणि मध्य पंचम या दोन्हींना बोटं तीच, सहाही भोकं बंद. फरक फक्त फुंकेचा. मंद्र 'प' चार मात्रा धरा, श्वास न तोडता मध्य 'प'वर जा, चार मात्रा धरा, परत खाली या. बोट हलवायचं नाही, जिभेचा धक्का द्यायचा नाही.

सुरुवातीला मध्ये आवाज तुटेल, चिरकेल. पण महिनाभरात ओठांना अंदाज येतो. हाच खेळ मग 'ध', 'नी' आणि 'सा'वर करा. पुढे मींड आणि आलाप स्वच्छ येण्याचा पाया इथेच पडतो.

रोजचा अर्धा तास

पहिली पाच मिनिटं बोटांशिवाय नुसती फुंक. पुढची दहा मिनिटं तानपुऱ्यावर 'सा', मग एकेक स्वर खाली उतरत मंद्र 'प'पर्यंत, प्रत्येक स्वर पूर्ण श्वासभर. मोबाइलवरचा तानपुरा चालेल, पट्टी तेवढी बासरीची लावा. नंतर पाच मिनिटं पंचमाचा व्यायाम. शेवटची दहा मिनिटं अलंकार किंवा क्लासमध्ये शिकवलेलं.

श्वास पोटातून घ्या, खांदे उचलू नका. स्वर सोडताना शेवटी तो घसरू देऊ नका, कारण दम संपत आला की सूर उतरतो. म्हणून थोडा दम शिल्लक असतानाच स्वर थांबवा. आठवड्यातून एकदा सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास भारी. ओठांचे स्नायू बारीक असतात. ते थकले की ठेवण बिघडते आणि पुढचा सगळा वेळ आपण चुकीचीच सवय पक्की करत बसतो. ओठ थरथरायला लागले की थांबा.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर एकच 'सा' रेकॉर्ड करून ठेवा. वाजवताना बासरी कानाजवळ असल्यानं आपल्याला हवाच जास्त ऐकू येते. समोरच्याला काय ऐकू येतं ते रेकॉर्डिंगमध्ये कळतं, आणि महिन्याभराचा फरकही.

हवामान आणि बांबू

आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. दहा अंशांच्या फरकानं बासरीचा सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतका सरकू शकतो. बेळगावात थंडीतल्या पहाटे बासरी उतरलेली वाटते आणि दुपारी तीच चढलेली, याचं कारण हेच. रियाजाआधी भोकं झाकून नळीत दोन-चार उबदार श्वास सोडा, मगच तानपुऱ्याशी जुळवा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूर, चंदगडकडच्या दमट हवेत, बांबूला बुरशी धरते. वाजवून झालं की काठीला मऊ कापड गुंडाळून नळी आतून पुसा आणि ओली बासरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. उन्हाळ्यात उलटा धोका, बांबू तडकतो. उन्हात उभ्या गाडीत बासरी ठेवू नका आणि अधूनमधून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. बासरीला बांधलेले दोरे नुसते शोभेचे नसतात, चीर जाऊ नये म्हणूनही ते असतात. सैल झाले तर पुन्हा बांधून घ्या.

कुणाला ऐकावं?

लांब बासरीला शास्त्रीय मैफलीत मान मिळवून दिला तो पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी. त्यांचा भरीव, गायनासारखा मंद्र सूर ऐकला की आवाज कसा असावा याचं माप मनात बसतं. हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १९३८ चा. वडील पैलवान, त्यामुळे लहानपणी त्यांनीही आखाड्यात मेहनत केली. त्यांची तार सप्तकातली गोलाई मुद्दाम ऐका, वर जाऊनही आवाज टोचत नाही. आपल्या शेजारचं नाव म्हणजे धारवाडचे प्रवीण गोडखिंडी. वडील व्यंकटेश गोडखिंडी यांच्याकडेच ते बासरी शिकले.

ऐकताना पूर्ण राग डोक्यात बसवायची घाई नको. पहिली पाच मिनिटं आलाप ऐका आणि फक्त स्वर कसा सुरू होतो, कसा संपतो एवढंच पाहा.

शिक्षक हवाच का?

व्हिडिओ बघून बोटं शिकता येतात. पण ओठ किती झाकलेत, जबडा आवळलाय का, मान वाकडी होतेय का, हे समोर बसलेल्या माणसालाच दिसतं. निदान पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा तरी जाणकारासमोर वाजवा. लहान मुलांच्या पालकांनी "गाणं कधी वाजवणार?" हा प्रश्न तेवढे दिवस बाजूला ठेवावा. पहिल्या महिन्यात मुलानं एक 'सा' श्वासभर, न थरथरता आणि हवेच्या खरखरीशिवाय धरला तर शिक्षण नीट चाललंय असं खुशाल समजावं. गाणी त्यानंतर भराभर येतात.