आकाशातील भेटीची पोच

पत्रोत्तराच्या आरंभी ‘आपले पत्र पावले, मजकूर समजला’ असे लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत होती. पुढचा मजकूर आनंदाचा असो वा तक्रारीचा, पहिले वाक्य पोचेचे. आपण धाडलेले दुसऱ्याच्या हाती पडले की वाटेतच हरवले, ही शंका लिहिणाऱ्याच्या मनात असायचीच, आणि तिचे निरसन झाल्याखेरीज पुढच्या बोलण्याला पाया नाही, हे त्या रीतीमागचे शहाणपण होते. बिनतारी यंत्रावर जगाशी बोलणाऱ्या हौशी मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी हीच रीत आपल्यापुरती नव्याने शोधून काढली. त्यांची भेट आकाशात होई. तिची पोच टपालाने येई. आज ती पोच पुष्कळदा संगणकाच्या जाळ्यातून क्षणार्धात येते. या पालटाची हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवायची आहे.

हौशी बिनतारीवाला, ज्याला जगभर ‘हॅम’ या आटोपशीर नावाने ओळखतात, तो नभोवाणीचा नोकर नव्हे, आणि चोरून प्रक्षेपण करणारा तर नव्हेच नव्हे. परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, स्वतःचे प्रक्षेपक यंत्र चालवणारा तो एक नागरिक आहे. परवान्याबरोबर त्याला अक्षरे व अंक यांचे एक संकेतनाम मिळते. भारतातील संकेतनामे १९२९ पासून ‘व्ही.यू.’ या अक्षरांनी सुरू होतात. या मंडळींच्या पोचपत्राला ‘क्यू.एस.एल. कार्ड’ म्हणतात. जहाजे व किनाऱ्यावरील बिनतारी ठाणी यांच्या सोयीसाठी ‘क्यू’ने आरंभ होणाऱ्या तीन-तीन अक्षरांच्या खुणा ठरवण्यात आल्या होत्या व १९१२ च्या लंडन येथील परिषदेत त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यांतील ‘क्यू.एस.एल.’ ही खूण प्रश्नार्थक पाठवली तर ‘पावले का?’ आणि उत्तरादाखल पाठवली तर ‘पावले’. आपल्या पत्रलेखकांचे पहिले वाक्य तीन अक्षरांत बसवावे तशी ही योजना.

परंतु पोच हवीच कशाला? दोघांनी एकमेकांचे ऐकले, दोघांना ते ठाऊक आहे, मग तिसऱ्याला पटवण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर १९२१ सालच्या एका प्रसंगात मिळते. अमेरिकेतील हौशी मंडळींच्या ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ या संस्थेने आपले क्षीण संदेश अटलांटिक ओलांडतात की नाही हे पाहण्यासाठी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एक प्रयोग केला. तो फसला. तेव्हा दोष लहरींचा की ऐकणाऱ्यांचा, हा वाद मिटवण्यासाठी संस्थेने पॉल गॉडली या आपल्या निष्णात सभासदाला जहाजाने ब्रिटनला धाडले. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे, डिसेंबरच्या थंडीवाऱ्यात, एका शेतात तंबू ठोकून हा गृहस्थ रात्रीमागून रात्री कानाला यंत्र लावून बसला. साक्षीला मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक होता. अखेर अमेरिकेतील हौशी ठाण्यांचे संदेश त्याला स्पष्ट ऐकू आले. लहरी समुद्र ओलांडतात हे सिद्ध करायला माणसाला आधी समुद्र ओलांडावा लागला, याची गंमत वाटते. पण साक्षीवाचून शोधाला किंमत नाही हे त्या मंडळींनी नेमके ओळखले होते.

पुढची पावले झपाट्याने पडली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लिओं देल्वा आणि अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील फ्रेड श्नेल यांनी अटलांटिकवरून दुतर्फा संभाषण केले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी तर लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने न्यूझीलंडच्या शॅग व्हॅलीतील फ्रँक बेल या मेंढपाळ शेतकऱ्याशी, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी, संपर्क साधला. हा गॉयडर आपल्याला परका नव्हे. १९३६ साली तो आपल्या नभोवाणीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १९४६ पर्यंत त्या पदावर होता. १९३७-३८ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे लघुलहरींची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली ती त्याच्याच देखरेखीखाली. शाळकरी पोराच्या छंदातून एका देशाची नभोवाणी उभी करणारा हात तयार झाला.

टपालाचे कार्ड नेमके कोणी प्रथम धाडले, याबद्दल एकवाक्यता नाही. १९१६ साली अमेरिकेतील बफेलोहून फिलाडेल्फियाला गेलेले एक कार्ड ज्ञात कार्डांत सर्वांत जुने समजले जाते. विसाच्या दशकात मात्र कार्ड पाठवणे हा शिष्टाचारच झाला. कार्डाचे रूपही ठरून गेले: साधारण नऊ बाय चौदा सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत संकेतनाम, खाली तारीख, वेळ, लहरींचा पट्टा आणि संदेश कितपत स्वच्छ व बलवान ऐकू आला याचे अंक. शेवटी ‘७३’ हा आकडा. तारयंत्रावरील मंडळींच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सप्रेम नमस्कार’ असा आहे. ही झाली पुढची बाजू. उरलेल्या जागेत माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे लिही: आमच्याकडे बर्फ पडते आहे, वादळाने खांब कोसळला, मुलगी झाली. कोणी गावच्या देवळाचे चित्र छापी, कोणी आपल्या यंत्रांपुढे बसलेले स्वतःचे छायाचित्र. आकाशात केवळ टिंबे व रेघा ऐकू आल्या होत्या. चेहरा टपालाने आला.

वेळेच्या नोंदीची एक मौज सांगण्याजोगी आहे. सगळ्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेत करायच्या असा नियम. आपली घड्याळे त्याहून साडेपाच तास पुढे. त्यामुळे मध्यरात्रीनंतर दोन वाजता भारतात झालेल्या भेटीची तारीख कार्डावर आदल्या दिवसाची पडते. त्यातच अमेरिकन मनुष्य महिना आधी लिहितो व आपण दिवस आधी. ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, यावरून किती कार्डे उलटसुलट झाली असतील ते देव जाणे! ज्याच्या हाती असे कार्ड पडे तो आपली नोंदवही चाळी, चूक ओळखी आणि समजुतीने मान्य करी.

कार्डे वाढली तसा टपालखर्चही वाढला. तेव्हा देशोदेशींच्या हौशी संस्थांनी आपापली कार्डघरे काढली. सभासदांनी आपली कार्डे देशवार लावून तेथे द्यायची. तेथून त्यांचे गठ्ठे परदेशी कार्डघरांना जायचे. आणि तिकडून आलेला गठ्ठा संकेतनामांप्रमाणे वाटला जायचा. भारतात हे काम १९४८ साली महू येथे स्थापन झालेली व १९५४ मध्ये दिल्लीस गेलेली ‘ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ करीत आली. खर्च नाममात्र, पण धीर मोठा लागे. भेटीनंतर वर्ष-दोन वर्षांनी कार्ड हाती येणे ही नवलाची गोष्ट नव्हती. सोव्हिएत संघातील हौशी मंडळींची सारी कार्डे मॉस्कोच्या एकाच टपालपेटीतून, क्रमांक ८८, येत-जात. शीतयुद्धाच्या ऐन भरात या एका पेटीतून सामान्य रशियन माणसाच्या हातची अक्षरे अमेरिकेतल्या घरांत पोहोचत होती, ही गोष्ट मुत्सद्द्यांच्या इतिहासात कोठे लिहिलेली आढळत नाही.

१९३५ साली क्लिंटन डिसोटो यांनी ‘देश’ कसे मोजावेत याविषयी एक लेख लिहिला आणि त्यातून १९३७ मध्ये शंभर देशांशी संपर्क साधणाऱ्यास प्रमाणपत्र देण्याची योजना निघाली. पुरावा म्हणून कार्डे सादर करायची. येथे कार्डाचे स्वरूप पालटले. आतापर्यंत ते स्नेहाची खूण होते. आता ते नाण्यासारखे झाले. दुर्मिळ बेटावरचे कार्ड मिळवण्यासाठी लोक उत्तराच्या टपालाचे आंतरराष्ट्रीय कूपन, नाहीतर सरळ डॉलरची नोट लिफाफ्यात घालू लागले. डॉलरला या मंडळींत ‘हिरवे तिकीट’ असे लाडके नाव पडले. नाणे आले की खोटे नाणेही येते. खाडाखोड केलेली कार्डे निघाली, न गेलेल्या बेटांवरून बोलल्याची बतावणी झाली. मग कार्डे तपासणारे नेमले गेले आणि बेटावर खरोखर उतरल्याची कागदपत्रे मागण्यात येऊ लागली. शासकीय कचेरीत ज्याचे आयुष्य आवक-जावक नोंदवह्यांत गेले आहे, त्याला या घटनाक्रमाचे मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र न विसरता सांगितली पाहिजे. कार्डाची ही दुनिया गरिबाची नव्हती. छपाई, परदेशी टपाल, कूपन यांचा भार सोसवेल त्यानेच प्रमाणपत्रांची भिंत सजवावी असा तिचा रोख होता. भारतातील अनेक तरुणांनी जुन्या सुट्या भागांतून यंत्र जुळवले, शंभर देशांशी बोललेही. पण शंभर देशांना कार्डे धाडण्याची त्यांची ऐपत नव्हती.

ही अडचण संगणकाने दूर केली. २००० च्या सुमारास कार्डाचे चित्रच जाळ्यावरून पाठवण्याची सोय निघाली. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकन लीगने ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’, म्हणजे जगाची नोंदवही, सुरू केली. तिची पद्धत अगदी निराळी आहे. तेथे कार्ड नाही, चित्र नाही. दोघांनी आपापली नोंद गुप्त सांकेतिक सहीनिशी पाठवायची. संकेतनामे, लहरींचा पट्टा व प्रकार जुळले आणि वेळेत अर्ध्या तासाहून अधिक तफावत नसली, की भेट पक्की. नोंदी पाठवण्यास मोल पडत नाही, खाडाखोडीला वाव नाही, दोन वर्षे वाट पाहणे नाही. प्रामाणिकपणे पाहिले तर निव्वळ पुरावा म्हणून ही पद्धत कार्डाहून सरस आहे. २०१७ पासून तर नोबेल पारितोषिकाचे मानकरी ज्योतिर्विद जोसेफ टेलर व त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांनी रचलेल्या ‘एफ.टी. ८’ या पद्धतीने एक भेट मिनिट-दीड मिनिटात उरकते आणि तिची नोंदही संगणक करतो. अशा शेकडो भेटींना हाताने कार्डे लिहावीत असे म्हणणे हा हट्ट ठरेल.

तरीही या नोंदवहीत प्रवेश कसा मिळतो, ते पाहण्यासारखे आहे. अर्ज करणारा अमेरिकेतला असेल तर त्याच्या परवान्यावरील पत्त्यावर संस्था एक गुप्त शब्द धाडते. तो कशावर? टपालाच्या कार्डावर! ज्या यंत्रणेने कार्डाची सद्दी संपवली, तिच्या दाराची किल्ली टपालवाल्याच्या पिशवीतून येते. मे २०२४ मध्ये लीगच्या संगणकांवर हल्ला झाला तेव्हा ही नोंदवही सुमारे दीड महिना बंद होती. ती १ जुलैला पुन्हा उघडली. कोणाच्या नोंदी गेल्या नाहीत, पण जगाची पोच एका कचेरीत ठेवण्यातला धोका दिसला.

याहून खोल उणीव दुसरीच आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद व त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअर येथून प्रक्षेपण करीत होते. अंदमान कित्येक वर्षे आकाशात मुके होते. म्हणून जगभरचे हौशी त्यांच्याशी बोलण्यासाठी अक्षरशः झुंबड करीत होते. २६ डिसेंबरला भूकंप व त्सुनामी आली. नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली, आणि याच मंडळींनी स्पर्धेचा खेळ थांबवून मुख्य भूमीशी आपत्कालीन संपर्क चालू ठेवला. आता नोंदवहीच्या दृष्टीने पाहा: २५ तारखेची ओळ आणि २७ तारखेची ओळ यांत तारखेखेरीज काहीही भेद नाही. संकेतनाम, पट्टा, वेळ. यंत्राने जे विचारले तेवढेच ते सांगते. कार्डाच्या कोपऱ्यात मात्र न विचारलेलेही लिहिता येते. इतिहास लिहिणाऱ्याचे काम बहुधा अशा न विचारलेल्या मजकुरावरच चालते. तेव्हा माझे मत असे की मोजणीसाठी नोंदवही वापरावी, आणि वर्षाकाठी ज्या पाच-दहा भेटी मनात राहतात त्यांना हाताने कार्ड लिहावे. तेवढे टपाल कोणालाही परवडेल.

जुन्या कार्डांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. जगाची नोंदवही दोन्ही बाजूंच्या नोंदींवर चालते. ज्याने नोंदी पाठवण्यापूर्वीच देह ठेवला, त्याच्याशी झालेली भेट तेथे सहसा पक्की होत नाही. तिचा पुरावा घरच्या माळ्यावरचे कार्ड, आणि तेवढेच. व्हिएन्ना येथे अशी कार्डे जपणारे एक मोठे संग्रहालय आहे. आपल्याकडे ती बहुधा रद्दीच्या तराजूत जातात. देशांच्या त्या मान्य यादीत एक विभाग वगळलेल्या देशांचा आहे. फ्रेंच हिंदुस्थान १९५४ साली त्या विभागात गेला. पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोवा व दमण-दीव १९६१ च्या मुक्तीनंतर गेले. तेथून त्या काळी ज्यांनी प्रक्षेपण केले त्यांच्या भेटींची आज कोणी नव्याने ग्वाही देईल अशी आशा फारशी नाही. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याची कार्डांची पेटी रद्दीवाल्यापुढे ठेवण्याआधी ती एकदा उघडावी, गोवा किंवा पाँडिचेरी असे नाव कोठे दिसते का ते पाहावे, आणि दिसले तर कार्ड उलटून पाठीमागचा मजकूरही वाचावा.